कुंदा, तुला न विचारता

कुंदा, परवा दाभोळला तुझ्या घरी जाऊन आले.

तू गेल्याचं मला पाच दिवसांनी कळलं, तेही दापोलीच्या एका ओळखीच्या बाईंच्या पत्रातून. पत्रभर त्यांच्या बदलीची रड होती आणि शेवटी दोन ओळी: 'तुमच्या कॉलेजातली ती खो-खो खेळणारी कुंदा वारली. हृदयाचं दुखणं होतं म्हणतात.' त्या 'म्हणतात'पाशी मी अडून बसले. तुझ्या घराबाहेर हे दुखणं सगळ्यात आधी मला माहीत होतं.

शाळेत दोन दिवसांची रजा टाकली. चिपळूणहून गाडीने धोपाव्यापर्यंत आणि तिथून तरीने खाडी ओलांडून पलीकडे. तरीत मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका होत्या, त्या मोठमोठ्याने बोलत होत्या. मी अगदी रिकाम्या हाताने निघालेय हे खाडीच्या मध्यावर लक्षात आलं. तुझी आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली नाही.

"शैला ना गो तू? बस."

मी बसले. ती सुपातले खडे वेचत राहिली आणि न विचारताच सांगू लागली. "आठवडाभर बसून झोपायची. उशीवर उशी, त्याच्यावर माझं लुगडं घडी करून. म्हटलं, दापोलीला दाखवू. तर म्हणे, सर्दी आहे, उतरेल. सकाळी अंघोळीचं पाणी काढायला गेली ती न्हाणीच्या दारातच बसली. जीप मिळेपर्यंत बोलत होती. अर्ध्या वाटेत गेली."

सर्दी आहे, उतरेल. हे तुझं वाक्य मला पाठ होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपण दोघी सतरा वर्षांच्या होतो.

रत्नागिरीला मुलींच्या वसतिगृहात तू माझ्या खोलीत आलीस, तेव्हा तुझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती आणि कमरेला खोचलेला रुमाल. तिसऱ्या आठवड्यात मला म्हणालीस, "माझ्याबरोबर दवाखान्यात येतेस? येताना माझा पाय चालत नाही." मला वाटलं, थट्टा करतेस. पण कंपाउंडरने ते जाडजूड इंजेक्शन दिलं, आणि परत येताना तू खरंच माझ्या खांद्यावर भार टाकून लंगडत आलीस. वाटेत एका दगडी गडग्यावर टेकलो, तेव्हा तू सगळं सांगितलंस. लहानपणी सांधे सुजायचे, ताप यायचा. ताप गेला, पण जाता जाता काळजाची एक झडप बिघडवून गेला. दर तीन आठवड्यांनी हे इंजेक्शन, किती वर्षं ते माहीत नाही. घराचं एखादं कौल फुटल्याचं सांगावं तसं सांगितलंस.

"डॉक्टर म्हणतात, धावायचं नाही. आई म्हणते, उडी नको, जिना नको, घागर नको. म्हणून तर एवढ्या लांब शिकायला आले. इथे कुणाला माहीत नाही."

"मला झालं ना माहीत."

"तू गप ऱ्हा."

"शपथ घालतेस?"

"शपथ कशाला? नुसतं गप ऱ्हायला काय लागतं?"

मी हसले होते. मला तेव्हा खरंच वाटलं होतं की काही लागत नाही.

साळवी सरांनी तुला हेरलं ते एसटीच्या मागे धावताना. स्टँडवरून गाडी सुटली होती, आपण दिवाळीला घरी निघालो होतो, आणि तू पिशवी माझ्या अंगावर टाकून धावत सुटलीस. वळणावर गाडी हळू झाली तिथे दांडी पकडून आत. कंडक्टर ओरडला, गाडी थांबली, मी मागून धापा टाकत आले. सर त्याच गाडीत होते. कॉलेजच्या जिमखान्याचं काम नुकतंच त्यांच्याकडे आलं होतं आणि मुलींचा संघ काढायचा त्यांचा हट्ट होता. सुट्टी संपल्यावर त्यांनी तुला बोलावून घेतलं. मला वाटलं, तू नाही म्हणशील. तू येताना माझंही नाव देऊन आलीस.

आपलं मैदान म्हणजे कॉलेजमागचा कातळ. मुलांनी वरून माती आणून टाकली होती, ती पावसाळ्यात वाहून गेलेली. पडलं की गुडघ्याची साल निघायची. पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला घट्ट बांधून खेळायला लागलो, पुढे सरांच्या बायकोने निळ्या पँटी शिवून दिल्या. त्या पँटी घालून उतरलो त्या दिवशी गडग्यावर आठदहा बापे येऊन बसले. आम्ही सगळ्या अंग चोरून उभ्या. तू सरळ गडग्याशी गेलीस आणि त्यातल्या एका वयस्क गृहस्थांना म्हणालीस, "काका, घरात कोणी मुलगी असली तर पाठवा. आम्हाला गडी कमी पडतात." ते उठून गेले. बाकीचेही एकेक करून पांगले. आणि आठवड्याने त्यांची पुतणी खेळायला आली. वंदना.

खेळायचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो म्हणून तू दोन रात्री झोपली नव्हतीस. सरांनी बाराही कागद त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे नेले, त्यांनी चहा पिता पिता सह्या करून दिल्या. कुणाला बघितलं नाही, कुणाच्या छातीला नळी लावली नाही. तो कागद तू खोलीत आणून मला दाखवलास. "बघ, मी तंदुरुस्त," म्हणालीस, आणि आपण दोघी गादीवर लोळून हसलो. त्या हसण्यात मीही होते, कुंदा. पुढे जे केलं त्याच्या आधी हेही मीच केलं होतं.

तुझा खेळ आता कुणाला कसा सांगायचा? खांबाजवळ पळणारी मुलगी निसटली असं सगळ्यांना वाटायचं, आणि तू एका हाताने खांब धरून जमिनीला समांतर आडवी झालेली असायचीस, बोटं तिच्या पाठीला लागलेली. मग कातळावर आपटायचीस आणि लाल गुडघ्यांनी उठायचीस. सर म्हणायचे, हा सूर मी शिकवलेला नाही. संरक्षणात मात्र तू नेहमी तिसऱ्या तुकडीत जायचीस. सरांना पटवलं होतंस की दमलेल्या संघाविरुद्ध शेवटी तूच टिकशील. खरं कारण मला माहीत होतं. तिसऱ्या तुकडीच्या वाट्याला वेळ कमी येतो. आणि इंजेक्शनच्या दिवशी पाय मुरगळलेला असायचा. दर तीन आठवड्यांनी तुझा तोच पाय मुरगळायचा, पण सरांनी कधी विचारलं नाही.

"खो-खोत बसणंच जास्त असतं गो," तू मला समजावायचीस. "उठायचं, चार पावलं पळायचं, खो द्यायचा, परत बसायचं. घरी आई ह्याच्यापेक्षा जास्त दमते."

पहिल्या वर्षी पहिल्याच फेरीत हरलो. दुसऱ्या वर्षी जिल्ह्यातली एकेक कॉलेजं मागे टाकत चिपळूणला विभागाच्या अंतिम सामन्याला आलो. माझं गाव, म्हणून माझे वडील कचेरीतून परस्पर आले होते आणि मला दिसू नये म्हणून मंडपाच्या खांबामागे उभे होते. तो सामना आपण जिंकलो. आपल्यासारखं छोटं कॉलेज विद्यापीठाच्या अंतिम फेरीला मुंबईला जाणार होतं, असं पूर्वी झालंच नव्हतं. मुलींनी सरांना उचलायचा प्रयत्न केला, ते लाजून पळाले.

त्या गडबडीत तू दिसेनाशी झालीस. मी शोधत मैदानालगतच्या शाळेच्या मागच्या नळावर आले. तू रुमाल धूत होतीस. पाणी गुलाबी होऊन वाहत होतं. तुझे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते.

"काय गो हे?"

"ओठ चावला गेला."

"तोंड उघड."

"सर्दी आहे शैला, घसा खवखवतोय. उतरेल."

मी तुझं तोंड उघडून बघितलं नाही. रुमाल पिळून तुझ्या हातात दिला. त्या रात्रीपासून तू दोन उशांवर झोपू लागलीस. दुसरी उशी माझी होती.

पुढच्या आठवड्यात मी एकटी त्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तुला ओळखत होते. मी रुमालाचं सांगितलं, उशांचं सांगितलं. ते लिहिता लिहिता थांबले. "आणि ती काय करत होती तेव्हा?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "ती खेळते? तिला कोणी खेळू दिलं?" त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला. "हे बघ मुली, आता हे पुढच्या पायरीला गेलंय. अशी धावत राहिली तर एखाद्या दिवशी मैदानातच बसेल, आणि उठणार नाही. तिच्या घरच्यांना कळव."

तुझ्या घरी मी पत्र लिहिलं आणि टाकलं नाही. तुला सांगायचं दोनदा ठरवलं. एकदा तू वंदनाला सूर शिकवत होतीस. एकदा तू केस धुऊन उन्हात बसली होतीस आणि मला म्हणालीस, "मुंबईची माती मऊ असते म्हणतात. आपटलं तरी लागत नाही." मी गप्प राहिले. तू शिकवलंच होतंस तसं.

शनिवारी मुंबईला निघायचं होतं. गुरुवारी दुपारी मी जिमखान्याच्या खोलीत गेले. सर संघाचा कागद लिहीत होते.

"सर, कुंदाला खेळवू नका."

ते हसले. "भांडलात का दोघी?"

मग मी सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज अजिबात कापला नाही, ह्याची मला अजून लाज वाटते. सर हातातल्या पेनाची उघडझाप करत होते.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या वर्षापासून."

"आणि आज सांगतेस."

"हो."

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

त्यांनी दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "दोनच सामने राहिलेत, शैला. मी तिला खांबावर ठेवत नाही. मधे बसवतो. तिसऱ्या तुकडीतही शेवटची पाठवतो. दोन सामने. मग मी स्वतः तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेतो."

वाईट माणूस नव्हते ते, तुलाही ठाऊक आहे. घरोघर जाऊन लोकांच्या पाया पडून त्यांनी त्या बारा मुली जमवल्या होत्या. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जो लोभ दिसला, तोच दोन वर्षं माझ्याही तोंडावर असणार. मी म्हणाले, "सर, मग मी प्राचार्यांकडे जाते." हे वाक्य माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "जा आता."

त्यांनी तुला सांगितलं नाही. मीही नाही. शनिवारी पहाटेच्या गाडीत तू माझ्या शेजारी बसलीस. कशेडीच्या घाटात तुला मळमळलं, तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस आणि डोळे मिटून बोलत राहिलीस. कोणाला कुठे बसवायचं, पहिली पाळी आक्रमणाची मिळाली तर काय. "तू ऐकतेस ना?" मधून मधून विचारायचीस. मी हं म्हणायचे. त्या प्रवासातला एकेक 'हं' मला आठवतो. सरांना सांगितलं त्याबद्दल मी तुझ्याशी आयुष्यभर भांडेन, पण त्या गाडीतल्या गप्प बसण्याबद्दल माझ्याकडे एक शब्द नाही.

पहिल्या सामन्याला सरांनी दोन्ही डाव तुझ्या जागी वंदनाला उतरवलं आणि तुला म्हणाले, उद्यासाठी राखून ठेवतोय. तू खूश होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नऊ नावं वाचली. तू हात वर केलास.

"सर, माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही. तू बस आज."

"का?"

सरांनी कागदाची घडी घातली. तू त्यांच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी पायाला फडकं बांधत होते. बांधून झालेलं सोडून पुन्हा बांधायला घेतलं. तुला तेवढं पुरलं.

समोरचा संघ मुंबईचा होता, कॅनव्हासचे बूट घातलेला. आपण अनवाणी. त्यांच्यात दोन वेण्या वर बांधलेली एक उंच मुलगी होती. पहिल्या डावात ती पूर्ण पाळी नाबाद राहिली, आमच्या कुणाच्या हाताला लागेना. मधल्या वेळात आम्ही घामाने निथळत बसलो होतो. तू पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आलीस. एकेकीच्या हातात पेला दिलास. माझा मात्र माझ्यासमोर जमिनीवर ठेवलास. आणि वाकलेली असतानाच म्हणालीस, "ती वेण्यांची. उजवीकडे बघते आणि डावीकडे वळते. खांबाजवळ दर वेळी. आधीच सूर मार, बघून मारू नको."

दुसऱ्या डावात शेवटची तुकडी आत होती आणि खो माझ्याकडे आला, तेव्हा ती खांबाच्या दिशेने पळत होती. तिने उजवीकडे बघितलं. मी डावीकडे झेप घेतली. तुझ्यासारखी नाही जमली, तोंडावर आपटले. पण बोटं लागली. एका गुणाने जिंकलो आपण, आणि तो गुण तुझा होता.

मुली रडत होत्या, सर एकटेच मैदानाच्या कडेला उभे होते. तू टॉवेल गोळा करून पिशवीत भरत होतीस. ढाल घेऊन फोटो काढायचा म्हणून वंदना तुला ओढायला आली. "मी खेळले नाही," एवढंच म्हणालीस. तो फोटो कॉलेजच्या जिन्यात लावलाय. रत्नागिरीला गेले की मी दुसऱ्या जिन्याने चढते.

परत आल्यावर सरांनी प्राचार्यांना सांगितलं, प्राचार्यांनी तुझ्या घरी पत्र धाडलं. वडील बोटीवर होते, म्हणून आई आणि मामा न्यायला आले. तू ट्रंक भरलीस. माझी उशी माझ्या खाटेवर नीट ठेवलीस. आई माझ्याशी बोलली, मामा बोलले, तू बोलली नाहीस. वर्ष अर्धं राहिलं होतं, ते पुढे तू घरून परीक्षा देऊन पुरं केलंस.

आणि गावात ती बातमी झाली. मला हे पुढे कळलं. लोकांनी झडपेचं भोक करून टाकलं. 'त्या पोरीच्या काळजाला भोक आहे.' दोन स्थळं आली होती, तीही परत गेली. मी सरांच्या खोलीत शिरताना तुझा जीव डोळ्यांपुढे धरला होता. तुझं गाव माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

दोन वर्षांनी आपण भेटलो ते दाभोळच्या धक्क्यावर. मी मुद्दाम आले होते, तू मुद्दाम आली नव्हतीस. शाळेत कारकुनाची नोकरी लागली होती तुला, हातात टपालाची पिशवी होती. बारीक झाली होतीस. थोडा वेळ आपण लोणच्याबद्दल बोललो, बदल्यांबद्दल बोललो. मग मीच म्हणाले, "कुंदा, मी सांगितलं नसतं तर तू मेली असतीस."

"असेन."

"मग?"

"मग काय? तू मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायला हवं होतं."

"आणि नाही म्हणालीस तरी मी सांगितलंच असतं."

"ते चाललं असतं," तू म्हणालीस. "भांडलो असतो. तू मला काही न कळणारं पोर केलंस. आईने केलं, डॉक्टरांनी केलं, ते वेगळं. तू खेळत होतीस माझ्याबरोबर."

मी काहीतरी म्हणणार होते. काय ते आता आठवत नाही, पण ते मोठं आणि बरोबर होतं असं मला तेव्हा वाटत होतं. खाडीतली तर धक्क्याला लागली, लोक चढायला लागले, तू म्हणालीस, "जा, पुढची उशिरा आहे." पुढे तुझं एकच कार्ड आलं. त्यात माझ्या आईच्या कैरीच्या लोणच्याची कृती मागितली होती, आणि खाली सही. मी कृती लिहून पाठवली. तिच्याखाली दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. तू त्या उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला असशील, मला माहीत आहे तुझा स्वभाव.

दाभोळला यायच्या आधी मी रत्नागिरीला त्या डॉक्टरांकडे गेले होते. थकलेत आता. विचारलं, ती खेळत राहिली असती तर?

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "काही जणी अशाच पन्नाशी गाठतात. काही जणी घरात बसून पंचविशीतच जातात. तू केलंस ते योग्यच केलंस."

"हे तुम्ही डॉक्टर म्हणून म्हणता?"

"दुसरं काय म्हणून म्हणणार?"

सरांनाही भेटले. त्यांनी मुलींचा संघ त्या ढालीनंतर दुसऱ्या सरांकडे सोपवला होता. मी म्हणाले, सर, तुमचं काय मत? आपण तिला चार वर्षं तरी दिली का? त्यांनी आधी मला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "कुणी वाचवली हे विचारू नकोस. वाचली नाही ती." पोचवायला फाटकापर्यंत आले आणि तिथे, उगीचच, माझ्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते विचारलं.

तुझ्या आईने तांदूळ निवडून संपवले, मला पेज वाढली. मी जेवत असताना ती शाळेचं सांगत होती. तुझं टेबल खिडकीशी होतं. मधल्या सुट्टीत पोरी त्या बाजूला खेळतात. तू रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात शिपायाकडून टेबल उचलून भिंतीकडे तोंड करून घेतलंस. "उजेड नाय येत तिकडे," आई म्हणाली, "डोळे दुखायचे तिचे. पण नाय हलवलं परत."

मी ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "काकी, मीच सरांना सांगितलं होतं. कॉलेजातून पत्र आलं ते माझ्यामुळे."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तिनेच. आली त्याच दिवशी." तिने माझं ताट पुन्हा माझ्याकडे सरकवलं. "मी तिला म्हटलं, शैलाने बरं केलं गो. तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. मी तुला पत्र लिहिणार होते तेव्हा. आभाराचं. कार्ड आणून ठेवलं होतं. पण ती घरात होती. तिच्या देखत तुला आभार कसे लिहायचे? म्हणून नाय लिहिलं. मग राहूनच गेलं."

मी खाली मान घालून बसले होते. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही, मला जवळ घेतलं नाही. नुसती बसून राहिली समोर, मी पेज संपवीपर्यंत. मग म्हणाली, "आता लिहू का? आता ती नाय घरात."

"नका लिहू, काकी."

"का गो?"

मी ताट उचललं. उत्तर तुला देते. तुझ्या आईचे आभार मी घेतले तर मी बरोबर होते असं ठरेल, आणि ते तू कधी कबूल केलं नाहीस. आपल्या भांडणात तुझ्या बाजूने बोलायला आता कोणी उरलेलं नाही, म्हणून मीच तुझी बाजू धरून ठेवते आहे. तुला विचारायला हवं होतं. गाडीत, घाटात, तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तू ओरडली असतीस, महाडला उतरून परतीची गाडी धरली असतीस, मला मारलंही असतंस.

पण सरांच्या खोलीत मी पुन्हा जाईन, कुंदा. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा जाईन, पुन्हा तसंच सांगेन, आणि तू पुन्हा माझा पेला जमिनीवर ठेवशील. मला त्याचं वाईट वाटेल आणि तरीही मी जाईन. तू असतीस तर ह्यावर काहीतरी बोलली असतीस, आणि मी थांबून ते ऐकलं असतं.